आधी रक्त तपासून घ्या, मग लॅक्टिक ॲसिडवर भांडा

एका वाचक भगिनीचं पत्र, जागेअभावी थोडं कापून:

"मी ४७ वर्षांची, नेरुळच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून धावते. एरवी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेत तलावाभोवती, रविवारी ग्रुपबरोबर पाम बीच रोडवर. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन आहे, माझी पहिलीच. आमचे कोच तरुण आहेत, मनापासून शिकवतात. पण ग्रुपमध्ये एक निवृत्त इंजिनिअर काका आहेत. ते रोज काहीतरी वाचून येतात आणि कोचना खोडून काढतात. कोच म्हणतात, पाय दुखतात ते लॅक्टिक ॲसिडमुळे, सोमवारी हलकं धावून ते बाहेर काढा. काका म्हणतात, लॅक्टिक ॲसिडचा दुखण्याशी काडीचा संबंध नाही. कोच म्हणतात, दर पंधरा मिनिटांनी पाणी प्या. काका म्हणतात, तहान लागेल तेव्हाच. कोच म्हणतात, घड्याळ बघून हृदयाच्या ठोक्यांच्या ठरलेल्या पट्ट्यात, म्हणजे झोनमध्ये राहा. माझं घड्याळ हळू धावतानाही १७५ दाखवतं, आणि २२० वजा वय केलं तर माझी कमाल मर्यादाच १७३ येते! काका म्हणतात, घड्याळ काढून ठेवा, थकवा हा सगळा मेंदूचा खेळ, मेंदूला दटावलं की पाय चालतात. मागच्या रविवारी १८ किलोमीटर केले. पाणी कोचनी सांगितलं तसं प्यायले. घरी आल्यावर मळमळलं, डोकं जड झालं, अंगठी बोटात रुतली होती. चार महिन्यांत वेग वाढायच्या ऐवजी कमी झालाय, आणि मी तर रोज जीव काढून धावते. हल्ली सीवूड्स स्टेशनचा जिना चढले तरी धाप लागते, पण ते वयामुळे असेल. घरी सासूबाई म्हणतात, गुडघे घालवून बसशील. मी नक्की कुणाचं ऐकू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य जिन्याचं आहे, आणि ते तुम्ही "वयामुळे असेल" म्हणून तिथल्या तिथे मिटवून टाकलंत. दोन वर्षं नियमित धावणाऱ्या बाईला स्टेशनच्या जिन्यावर धाप लागायला लागली, तर ते वयावर ढकलू नका. वय असं चार महिन्यांत येत नाही. त्यात वेग घसरलाय, हळू धावतानाही ठोके वर जातायत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी कुठल्याही कोचच्या किंवा काकांच्या आधी पॅथॉलॉजी लॅबकडे बोट दाखवते.

सत्तेचाळीस हे वय पाळी जायच्या आधीचं. या काळात अनेकींना रक्तस्राव जास्त होतो, दिवस लांबतात, दोन पाळ्यांमधलं अंतर कमी होतं. पत्रात तुम्ही याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आणि ग्रुपमध्ये कुणी विचारलंही नसेल. सहा पुरुष आणि चार बायका रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हृदयाच्या झोनवर तावातावाने बोलतात, पण "पाळी कशी चाललीय?" हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुमच्या वयाच्या बाईला धाप लागली तर हिमोग्लोबिन बघणं ही अगदी पहिली पायरी आहे.

फुप्फुसातला ऑक्सिजन स्नायूंपर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. ते कमी असेल तर तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. मग हळू धावतानाही ठोके वाढतात, जिना चढताना धाप लागते आणि कितीही मेहनत केली तरी वेग हलत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो रक्तक्षय. पण त्याच्याही आधी शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो, आणि तो कळतो फेरिटिन या तपासणीतून. हिमोग्लोबिन १२.३ आलं म्हणून 'नॉर्मल' समजून घरी जाऊ नका, फेरिटिनही बघा. त्याचा आकडा कितीच्या खाली गेला की काळजी करायची, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटना १५ म्हणते, खेळाडूंना तपासणारे अनेक डॉक्टर ३० किंवा त्याच्याही वरची रेघ धरतात. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांना घेऊ द्या. सोबत थायरॉइड आणि बी-१२ करून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. रिपोर्टआधी मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका. आणि जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळण्याची आजीची सवय मात्र शास्त्रालाही मान्य आहे.

एक गोष्ट निक्षून सांगते. धापेबरोबर छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही असेल तर लॅबची वाट न बघता त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. तसं काही नसलं तरी या निमित्ताने फॅमिली डॉक्टरांकडून एक ईसीजी काढून घ्यायला हरकत नाही.

आता काकांच्या "मेंदूला दटावा" या सल्ल्यावर मी का चिडले ते सांगते. मुळात ते जे वाचून आलेत ते खोटं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकात स्वतःवर प्रयोग करून, पळताना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं आणि मांडलं की एका मर्यादेनंतर स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून माणूस थांबतो. पुढे केप टाउनचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स यांनी त्याला आव्हान दिलं. स्नायू पूर्ण थकण्याच्या कितीतरी आधी मेंदूच लगाम खेचतो, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून ते शेवटच्या किलोमीटरकडे बोट दाखवतात. इतका वेळ 'आता मेलो' म्हणणारा माणूस फिनिशची कमान दिसली की सुसाट सुटतो, मग इतका वेळ ती ताकद कुठे होती? गंमत म्हणजे लगाम खेचणाऱ्या अशा एखाद्या यंत्रणेची शंका हिल यांनीही १९२४ मध्ये बोलून दाखवली होती. दुसरीकडे, थकलेल्या स्नायूला बाहेरून विजेचा झटका दिला तरी तो ताज्या स्नायूइतका जोर लावत नाही हेही प्रयोगांत दिसलंय. म्हणजे थकवा निव्वळ मेंदूत असतो असंही नाही. वाद चालू आहे, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंच्या हातात सत्याचा एकेक तुकडा आहे.

पण हा वाद धडधाकट, भरल्या रक्ताच्या माणसाबद्दलचा आहे. ज्या बाईचं रक्तच कमी असण्याची शक्यता आहे तिला "मेंदूला दटाव" सांगणं म्हणजे गाडीचा ऑइलचा लाल दिवा लागला असताना त्यावर चिकटपट्टी लावणं. शर्यतीत चढ लागेल तेव्हा काकांचं वाक्य जरूर आठवा. सीवूड्सच्या जिन्यावर नको.

अंगठीबद्दल. हा भाग वाचून मी पत्र खाली ठेवलं, कारण इथे प्रश्न नुसत्या मताचा उरत नाही. लांब धावल्यावर मळमळ, जड डोकं आणि बोटं सुजून अंगठी रुतणं, तेही भरपूर पाणी पिऊन, हे पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटत नाही. पाणी जास्त झाल्याचं वाटतं. रक्तातलं सोडियम त्यामुळे पातळ होतं. नुसती बोटं सुजणं अनेकांना होतं, त्याने घाबरू नका. पण तिन्ही एकत्र आली की दुर्लक्ष करायचं नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. त्यात सगळ्यात ठळक गोष्ट ही दिसली की यातले बरेच लोक धावता धावता वजन वाढवून आले होते, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी प्यायले होते. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबायला त्यांना सवड असते.

कोचचा सल्ला हवेतून आलेला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संस्थाही जमेल तितकं पाणी प्या असंच सांगत. २००७ मध्ये त्यांनी ते बदललं, आणि घामापेक्षा जास्त पिऊ नका असं स्पष्ट बजावलं. आपल्याकडे अजून जुनी पाटी लटकतेय, इतकंच. पण काकांचं "तहान लागेल तेव्हाच" हेही मी ऑक्टोबरच्या नवी मुंबईत डोळे मिटून स्वीकारणार नाही. खाडीकाठची दमट हवा, सकाळी सहालाच टी-शर्ट पिळून काढावा लागतो. काही जणांना अशा हवेत तहान उशिरा कळते.

वाद मिटवायला घरचा वजनकाटा पुरे. पुढच्या लांब धावेआधी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून, तशाच कपड्यांत पुन्हा करा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं. तुमचं वजन ५८ किलो धरलं तर परत आल्यावर ते साधारण एक किलोपर्यंत कमी भरणं ठीक आहे. दोन किलो कमी भरलं तर पुढच्या वेळी थोडं जास्त प्या. तीन-चार रविवारी असं केलंत की तुमचा स्वतःचा आकडा हातात येईल, मग कोच आणि काका दोघांनाही तो दाखवा. मिठाचं म्हणाल तर ओआरएस चालेल, पण पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चिमूटभर पावडर मोठ्या बाटलीत टाकून नाही. आणि लक्षात ठेवा, ओआरएस किंवा स्पोर्ट्स ड्रिंकही प्रमाणाबाहेर प्यायलं तर सोडियम पातळच होतं. पुन्हा कधी उलटी, गोंधळल्यासारखं होणं, असंबद्ध बोलणं असं झालं तर घरच्यांनी आणखी पाणी पाजू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. हे वाक्य घरात वाचून दाखवा.

लॅक्टिक ॲसिडबाबत काका बरोबर आहेत, हे मान्य करायला मला आवडत नाही पण आहेत. ही समजूत शंभर वर्षांची आहे. बेडकाचा कापून काढलेला स्नायू ऑक्सिजनशिवाय आखडत ठेवला की त्यात लॅक्टिक ॲसिड साचतं, हे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये दाखवलं, आणि जर्मन शास्त्रज्ञ मायरहॉफ यांनी त्यावर पुढे काम केलं. १९२२ चं नोबेल हिल आणि मायरहॉफ या दोघांना मिळालं, आणि 'लॅक्टिक म्हणजे थकवा' हे समीकरण पाठ्यपुस्तकांत कायमचं जाऊन बसलं. पण त्या स्नायूला रक्तपुरवठा नव्हता. तुमच्या पायाला आहे. कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकापासून दाखवत आणलं की धावताना तयार झालेलं लॅक्टेट (शरीरात लॅक्टिक ॲसिड याच रूपात असतं) दुसरे स्नायू आणि हृदय इंधन म्हणून वापरतात. उरलेल्यापासून यकृत पुन्हा साखर बनवतं. तुम्ही पाम बीचवरून घरी येऊन अंघोळ करून पोहे खाईपर्यंत रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर आलेलं असतं. सोमवारी बाहेर काढायला काही शिल्लकच नसतं.

मग सोमवार-मंगळवारी दुखतं ते काय? स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागला की त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते, त्याचं दुखणं एक ते तीन दिवस राहतं. उतारावर हे जास्त होतं. पारसिक हिलवर चढून गेलात आणि उतरताना धावलात, तर दुसऱ्या दिवशी मांड्यांचा पुढचा भाग कमोडवर बसू देत नाही, ते हेच. सोमवारी हलकं चालल्याने-धावल्याने बरं वाटत असेल तर खुशाल करा. कोचचा उपाय निरुपद्रवी आहे, कारण चुकलंय एवढंच. मात्र तुम्हाला सध्या मी सोमवारी पूर्ण सुट्टी सांगेन.

घड्याळाचं दुखणं वेगळं आहे. २२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमाराला वेगवेगळ्या जुन्या आकडेवाऱ्यांवरून ओढलेल्या ढोबळ रेषेतून आलं. २००१ मध्ये त्याला पर्याय म्हणून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र आलं, त्याने तुमचा आकडा १७५ येतो. पण दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत, आणि माणसं सरासरीपासून दहा-दहा ठोके इकडेतिकडे सर्रास असतात. तुमची खरी कमाल १८७ असू शकते, १६४ ही. त्या सूत्रावर झोनच्या रंगीत पट्ट्या आखून त्यात राहण्याचा हट्ट मला पटत नाही.

त्यात मनगटावरच्या घड्याळाची एक खोड. ते त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर हिरवा दिवा टाकून ठोके मोजतं. पट्टा सैल असला, घाम असला की कधीकधी ते ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. तुमची पावलंही मिनिटाला तेवढीच पडत असू शकतात, त्यामुळे तो १७५ नेमका संशयास्पद आहे. पुढच्या वेळी आकडा वर गेला की थांबा, मानेवर जबड्याखाली एका बाजूला दोन बोटं हलकी ठेवा, १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. १४५ च्या आसपास आले तर घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडापासून वर सरकवून घट्ट करा. बोटांनीही १७० च्या आसपास आले आणि तुम्ही खरंच हळू धावत होता, तर रक्त तपासणीचं माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. डॉक्टरांना हा आकडा सांगा.

तुमचा वेग अडकण्याचं दुसरं कारणही पत्रातच आहे: "रोज जीव काढून धावते." नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी उत्तम दर्जाच्या रोइंगपटूंची आणि स्कीइंगपटूंची सरावाची टिपणं तपासली, तेव्हा त्यांची पाचातली साधारण चार सत्रं अगदी सोपी निघाली. ही मंडळी आठवड्याला पंधरा-वीस तास घाम गाळणारी, त्यामुळे चार तास धावणाऱ्यांना हे प्रमाण तसंच्या तसं लागू होतं का, यावर भरपूर वाद आहे. मधल्या वेगाचा सराव थोडा जास्त चालतो, असं म्हणणारेही आहेत. पण रोज जीव काढा असं या वादातली कुठलीच बाजू म्हणत नाही. आठवड्यात चार दिवस धावत असाल तर तीन दिवस इतकं हळू, की शेजारच्या मैत्रिणीला सासूबाईंची तक्रार न थांबता सांगता आली पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की वेग जास्त झाला. दमट हवेत त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, म्हणून त्याच वेगाला ठोके वाढतात. तेव्हा ऑक्टोबरमध्ये डिसेंबरपेक्षा हळू धावायला लाजू नका. मध्येच चालावं लागलं तर चाला.

सासूबाईंना सांगा, २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात ३.५ टक्के लोकांत दिसला, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के. व्यावसायिक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावणं सोडतात, त्यामुळे हा फरक सगळाच धावण्याचा पराक्रम म्हणता येणार नाही. पण धावल्याने गुडघे जातात असं यातून निघत नाही. गुडघ्यांसाठी आणि या वयात हाडांसाठी आठवड्यातून दोनदा वजनं उचला. खुर्चीवरून उठबस, जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली, मग हळूहळू हातात पाण्याचे पाच लिटरचे कॅन.

जानेवारीचं असं करा. रिपोर्ट येईपर्यंत इंटरव्हल, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं बंद, लांब धाव १० किलोमीटरच्या वर नाही. हिमोग्लोबिन बरं निघालं आणि डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तर अजून वेळ आहे, हाफ होईल. रक्तक्षय निघाला, तर गोळ्या सुरू केल्यावर बरं वाटायला काही आठवडे आणि साठा भरायला काही महिने लागतात. तशात हाफ करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, चालत-धावत, घड्याळ घरी ठेवून. माझं स्वतःचं मत विचाराल तर हे वर्ष सोडून द्या. रक्तस्राव जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. खालून गळणारी टाकी वरून कितीही भरली तरी भरत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

कोचना ग्रुपवर लिहू नका, फोन करा आणि "डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, तोवर हळू धावणार" एवढंच सांगा. चांगला कोच असेल तर तो हो म्हणेल. लॅबमध्ये मात्र 'सीबीसी आणि फेरिटिन' असं दोन्ही वेगळं सांगा. सीबीसीत, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, फेरिटिन आपोआप येत नाही, आणि अनेकदा हिमोग्लोबिनचा कागद घेऊन घरी गेल्यावर ते लक्षात येतं.